दोरीची लांबी

बालवाडीच्या बाईंनी कागद पाठवलाय,
ओदगेरेलच्या कोटाला आतून टाचणी लावून.
तेवीस प्रश्न. शुक्रवारपर्यंत भरून द्यायचे.

जेवणाच्या सुट्टीत गिरणीतच उघडला,
फुंकर मारत मारत.
काश्मिरी लोकर हलकी, कशावरही बसते:
पापण्यांवर, चहावरच्या सायीवर,
रात्री घरी गेल्यावर त्याच्या जिभेवरसुद्धा.

मूल किती शब्द बोलते?
मी निघते तेव्हा तो झोपेत असतो,
परतते तेव्हा पेंगत.
मधले शब्द शेजारच्या दुल्माकडे जमा.
माझ्या वाट्याचे लिहिते:
बूट. थंड. अजून.
आणि दार, हे दोनदा.

मुलाला कधी एकटे सोडता का?

इथे पेन थांबलं.

गोबीच्या कडेला आमचा तंबू,
नव्वद शेळ्या आणि आई एकटी.
ती कमरेचा निळा पट्टा सोडायची,
एक टोक माझ्या पोटाभोवती, दुसरं पलंगाच्या पायाला,
आणि मग बाहेर जायची, दुपारपर्यंत.
पट्टा तिने मापून घेतला होता:
पलंगापासून चुलीपर्यंत,
त्यातून एक हात वजा.
माझा हात. तिचा नव्हे.
म्हणून मी वाढत गेले तसा
पट्टा आखूड होत गेला,
दर हिवाळ्याला दोन बोटं.
लोक समजतात उलटं असतं.

मी काय करायचे दिवसभर?
छताच्या भोकातून उतरलेला उन्हाचा तुकडा
भिंतीवरून सरकत चुलीमागे जाईपर्यंत बघायचे.
याला कागदावर काय म्हणतात, ठाऊक नाही.
चौकट आहे, 'उत्तेजक वातावरण', हो किंवा नाही.

सारानचिमेग म्हणते, फोन दे हातात.
तिची पोरगी हत्तीला इंग्रजीत ओळखते,
जिराफाला, पाणघोड्यालाही.
'शेळीला?' मी विचारलं.
ती हसली, आणि मग बराच वेळ
डब्यातलं मटण चिवडत बसली.

पुरेवसुरेन निवृत्तीला आलीय. चार पोरांची आई.
पोरं आपोआप वाढतात, म्हणाली, कागद कसले भरता.
चहा संपवून उठता उठता म्हणाली,
कुणाचं पहिलं पाऊल पडलं तेव्हा मी कुठल्या मशीनवर होते
तेवढं मात्र विचारा. चारही सांगते.
सहा, सहा, अकरा,
आणि धाकटीच्या वेळी रंगाच्या हौदापाशी.

बालवाडीतली जागा आम्हाला चिठ्ठीत लागली.
लागली नाही त्या बायका
आजही कुणाच्या तरी पलंगाच्या पायाचा विचार करत
माझ्या शेजारी लोकर पिंजतात,
आणि मी त्यांच्यासमोर बाईंना नावं ठेवत नाही.

दिवसातून किती मिनिटे मुलासोबत खेळता?
रविवारी, लिहिलं. मिनिटं रिकामी सोडली.
रविवारी आम्ही मेंढीच्या घोट्याची हाडं टाकतो,
घोडा पडला की तो टाळ्या पिटतो,
उंट पडला की लबाडी करून उलटवतो.

परवा एप्रनच्या खिशात हात घातला
तर त्यातलं एक हाड.
त्याने कधी ठेवलं कळलं नाही.
पाळी संपेपर्यंत ते मांडीला टोचत राहिलं,
मी जागा बदलली नाही.

तेविसावा प्रश्न: इतर काही नोंद?
जागा एका ओळीची, फार तर वीतभर.
मी लिहिलं, रात्री त्याचं डोकं हुंगते तेव्हा
दुधाचा आणि कोळशाचा वास येतो.
मग कोळसा खोडला,
बाई म्हणतील घरात धूर आहे.
नुसतं दूध उरलं, ते खोटं वाटलं.
तेही खोडलं.

घंटा झाली.
घाईत लिहिलं, सगळं ठीक आहे,
सही केली, खोंगोरझुल, मशीन नऊ,
आणि घडी घालताना पाहिलं,
ओल्या शाईवर
एक तंतू बसलाच होता.